केस गळतीची औषधं चालू केली, पुढं काय झालं ते सांगतो

परभणीला राहतो, वय 31. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागं सरकलेले आन् भोवऱ्यापाशी चामडी दिसायला लागलेली. दोन वर्षं कांद्याचा रस, तेलं, बोअरच्या पाण्याला दोष देणं यातच गेली. मग लातूरला स्किनच्या डॉक्टरकडं गेलो, ते म्हणले हे पाण्यानं नाही, डीएचटी हार्मोनमुळं केसांची मुळं बारीक होत चाललीत. मिनॉक्सिडिल 5 टक्के, सकाळ-संध्याकाळ 1 मिली टाळूला, आन् फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम रोज एक गोळी.

तिसऱ्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यावर, कंगव्यात, बाथरूमच्या जाळीत इतके केस की बाटली फेकून द्यावी वाटलं, पण सुरुवातीला असं गळतंच, जुने पडून नवे यायला लागतात, दीड-दोन महिन्यांत थांबलं. लई जण इथंच सोडून देतात बघा. चौथ्या महिन्यात भोवऱ्यावर मऊ लव आली, वर्षभरात भोवरा बऱ्यापैकी झाकला. कपाळाचे कोपरे मात्र तसेच, तिथं फरक कमीच पडतो.

गोळीनं काही जणांची शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, मन उदास राहतं, तसं झालं तर न लाजता डॉक्टरला सांगा. गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हात लावायचा नसतो, म्हणून बायकोला दिवस गेले तसं मी पाकीट वरच्या फळीवर ठेवतो. औषध बंद केलं की टिकलेले केस वर्षभरात परत जातात, म्हणून महिन्याचा खर्च आधीच धरून चाला.