संशोधन प्रकल्पातल्या या चुका टाळा : बिघाड बहुधा पहिल्या नोंदीतच असतो

पदव्युत्तर वर्गाचे प्रकल्प तपासताना एक गोष्ट दरवर्षी जाणवते. विषय बोलीचा असो, वृत्तपत्रांचा असो, गावगाड्याचा असो की वनस्पतींचा, काम फसते ते बहुधा लेखनात नव्हे, तर पहिल्या नोंदीत. विद्यार्थी मात्र दुरुस्ती शेवटच्या प्रकरणात करत बसतात.

बोलीचे पाहा. वऱ्हाडीतले ‘मले’ किंवा अहिराणीतले ‘माले’ स्पष्ट ऐकूनही वहीत ‘मला’ उतरते, कारण शाळेत लागलेली शुद्धलेखनाची सवय हाताला सोडत नाही. आणि अभ्यासाचा प्रश्नच सर्वनामांच्या रूपांचा असेल, तर ती वही निरुपयोगी ठरते. त्यातून ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असे प्रमाण मराठीत विचारले की समोरचे आजोबाही सावरून बसतात आणि प्रमाण मराठीतच उत्तर देतात. त्यापेक्षा त्यांना पेरणीची किंवा लग्नातल्या एखाद्या फजितीची हकीकत सांगू द्यावी, परवानगी घेऊन ती सलग ध्वनिमुद्रित करावी आणि लेखन मागाहून, पुन्हा पुन्हा ऐकून करावे. उच्चारांचा अभ्यास असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर विसंबू नये, कारण तिच्यात आवाजातले बारकावे गळतात. आवाज न दाबता साठवणारी वेव्ह (.wav) फाइल जागा फार खाते, तरी तीच ठेवावी.

वनस्पतींच्या एका प्रकल्पात विद्यार्थिनीने घाणेरी आणि टणटणी या दोन जाती म्हणून मोजल्या होत्या. ही दोन्ही नावे लँटाना कॅमारा (Lantana camara) या एकाच झुडपाची आहेत. फोटोंवरून पडताळावे म्हटले, तर मूळ फोटो गटावर पाठवून मोबाइलमधून पुसलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्यातली स्थळाची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती टिकते. स्थानिक नाव सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे, त्याशेजारी शास्त्रीय नाव द्यावे आणि फूल, पानाची मागची बाजू व अख्खे झाड यांचे फोटो मूळ स्वरूपात जपावेत.

वृत्तपत्रांच्या अभ्यासात ग्रंथालयात हाताशी लागले ते अंक घेतले जातात. एकाच दैनिकाच्या पुणे आणि कोल्हापूर आवृत्त्यांचे पहिले पान वेगळे असू शकते, तर संकेतस्थळावरचे मथळे नंतर बदलले जातात. म्हणून आवृत्ती, तारीख आणि पाहिल्याची वेळ लिहिलीच पाहिजे. रविवारच्या पुरवण्यांनी चित्र बिघडू नये यासाठी एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार असे सातही वार निवडून आठवडा रचावा.

सामाजिक सर्वेक्षणात ‘तुम्हाला योजनांची माहिती आणि लाभ मिळतो का?’ असा प्रश्न हमखास सापडतो. हे दोन प्रश्न आहेत, आणि एकाच ‘हो’मधून ते वेगळे काढता येत नाहीत. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सुनेने दिलेले उत्तर कोणत्या परिस्थितीत मिळाले, हेही टिपावे.

हे सारे मुदतीच्या तोंडावर लक्षात आले, तर आकडे ओढूनताणून जुळवू नयेत. शीर्षकाचा आवाका लहान करावा. ‘ग्रामीण महाराष्ट्रातील महिला’ खोडून ‘दोन गावांतील बचत गटांच्या सदस्य’ असे लिहिले, तर हाती असलेल्या 40 मुलाखतीही पुरेशा ठरू शकतात.