पहिला भाग दोनदा होतो

मालिकेच्या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, की पहिला भाग बऱ्याचदा दोनदा होतो. पहिल्यांदा तो चॅनेलला दाखवायचा पायलट असतो. त्यावर चर्चा होते, कधी एखादं पात्र बदलतं, कधी शेवट बदलतो, आणि मग प्रेक्षकांसाठीचा भाग तयार होतो.

मी कंटिन्यूइटीला, म्हणजे एका शॉटमधले कपडे, केस, वस्तू पुढच्या शॉटशी जुळतात ना हे बघायच्या कामाला लागले, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पायलटचं शूट संपलं, मी फाइल मिटली. दीड महिन्यानं निरोप आला: शेवटचा सीन बदलायचाय, पण नायिका दारात येऊन थांबते तो शॉट जुनाच राहील. म्हणजे जुन्या शॉटला नवा जोडायचा. माझ्याकडच्या फोटोत तिची डावी बाही दुमडलेली दिसत होती, पण किती घड्या ते कळत नव्हतं. एडिटरशेजारी बसून एकेक फ्रेम पुढे-मागे करत बघितलं, तेव्हा कळलं, दोन घड्या आणि बटण उघडं. दरम्यान तिनं केस कापले होते, त्यासाठी विग करावा लागला. तेव्हापासून प्रत्येक सीननंतर मी समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून आणि हातांचा वेगळा, असे फोटो घेते. तुम्हीही घ्या.

पुन्हा शूट करावं लागलं म्हणजे आपलं काम फसलं, असं मनाला लावून घेऊ नका. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या, यंत्रात बसून काळातून फिरणाऱ्या डॉक्टरच्या मालिकेचा पहिला भाग सप्टेंबर १९६३ मध्ये रेकॉर्ड झाला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, दोघंही विशीतले. त्या यंत्राचं दार नीट लागत नव्हतं, डॉक्टर फारच खडूस वाटत होता. नाटक विभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी तो पुन्हा करायला लावला. ऑक्टोबरमध्ये त्याच टीमनं तो परत रेकॉर्ड केला आणि मालिका दशकानुदशकं चालली. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या मालिकेचा पहिला पायलटही एनबीसी या अमेरिकन चॅनेलनं नाकारला होता, पण दुसरा मागवला. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या १९८९ च्या पायलटमध्ये तर एलेन हे पुढे मुख्य झालेलं पात्रच नाही! पायलटमध्ये काय उणं आहे हे तो तयार झाल्यावरच नीट दिसतं.

लेखनाकडे वळणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. पहिल्या भागात सगळ्यांची ओळख करून द्यायची घाई असते, आणि पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगू लागतात. ‘तू पाच वर्षांनी घरी आलास’ हे बहिणीनं भावाला कशाला सांगायचं? तो अंधारात शिरतो, सवयीनं भिंतीवर हात फिरवतो, आणि दिव्याचं बटण तिथं नसतं. बहीण दुसऱ्या भिंतीवरचं बटण दाबते. घर त्याच्याशिवाय पुढे गेलंय हे एवढ्यात कळतं, आणि तो का गेला होता ही उत्सुकता पुढच्या भागासाठी उरते. मला तरी पहिल्या भागात सगळी उत्तरं मिळाली की दुसरा बघावासा वाटत नाही.

चॅनेलवर येतानाची गडबड वेगळीच. प्रोमो, टायटल, सेन्सॉरच्या सूचना, आवाजाचं मिक्सिंग, सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं. त्यात नवख्यांच्या हाती फारसं काही नसतं, पण भाग कोणत्या क्रमानं दाखवले जातात याकडे लक्ष ठेवा. फॉक्स या अमेरिकन चॅनेलनं २००२ मध्ये ‘फायरफ्लाय’ या अंतराळयानावरच्या मालिकेची सुरुवात दोन तासांच्या पायलटनं न करता दुसऱ्याच भागानं केली. त्या यानावर कोण कसं आलं हे सांगणारा तो पायलट डिसेंबरमध्ये दाखवला, तोवर मालिका बंद करायचं ठरलं होतं. इतकी माणसं ज्या भागासाठी राबली, तो अशा वेळी दाखवला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि कधी बाहेरचं जगच आडवं येतं. ‘डॉक्टर हू’ सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. बीबीसीनं पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला.