गावात बसून हवं ते पुस्तक शोधायचं कसं?

‘काहीतरी चांगलं वाचायला द्या’ म्हटलं की वाचनालयात बहुतेक वेळा कादंबरीच हातात पडते. लोककला, संगीत, चित्रकला, आहार, मनाचं आरोग्य यांवरची पुस्तकं नेमकं मागितल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून आधी प्रश्न वहीत लिहा. ‘लोककला’ हा नुसता विषय झाला. ‘दंडारीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या लोकनाट्यात, बाईचं पात्र पुरुष का करत आले?’ हा प्रश्न झाला. त्याखाली त्याच्या शेजारचे पाच-सहा शब्द मांडा : दंडार, खडीगंमत, झाडीपट्टी, झाडीबोली, लोकनाट्य, लोकरंगभूमी. दंडारीवर पंचवीस पानं असलेल्या पुस्तकाच्या नावात ‘दंडार’ हा शब्द असेलच असं नाही, तो आतल्या एखाद्या प्रकरणात असतो.

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या मोठ्या वाचनालयात पुस्तकं दशांश वर्गीकरणाने लावलेली असतील, तर पाठीवरचा आकडा वाचता यायला हवा. 150 म्हणजे मानसशास्त्र, 390 म्हणजे रूढी-परंपरा, 398 लोकसाहित्य, 613 आरोग्य आणि आहार, 700 पासून कला, त्यात 750 चित्रकला, 780 संगीत, 792 नाटक. गोंधळ होतो तो दोन विषयांच्या सीमेवर. दंडारीवरचं पुस्तक 398 मध्ये असू शकतं, 792 मध्येही. कुणी ते साहित्य समजून 891.46 या मराठी साहित्याच्या आकड्याखाली टाकलेलं असतं. तिन्ही कप्पे पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

गावच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान, वाचनालयात हे आकडे बहुधा नसतात. तिथे कादंबरी, कथा, चरित्र आणि उरलेलं सगळं ‘इतर’. अशा ठिकाणी ग्रंथपालांकडे दाखल नोंदवही मागा. तिच्यात दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, साल, किंमत असे रकाने असतात. पुस्तकांची नावं वाचत बसण्यापेक्षा प्रकाशकाच्या रकान्यावरून बोट खाली न्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, नॅशनल बुक ट्रस्ट, साहित्य अकादमी, एखादं विद्यापीठ दिसलं की थांबा. हे प्रकाशक ललितेतर पुस्तकं भरपूर काढतात. दाखल क्रमांक टिपून घ्या आणि पुस्तक मागा. ‘शासनाकडून ग्रंथभेटीत आलेली पुस्तकं कुठे ठेवली आहेत?’ हेही विचारा. मागणी नसल्याने ती मागच्या कपाटात गेलेली असू शकतात.

आता खरी चावी. विषयावरचं एक बरं पुस्तक हाती आलं की पहिलं पान उघडू नका, शेवटची पंधरा पानं उघडा. तिथे संदर्भसूची असते. तिच्यातली नावं वाचताना जे नाव प्रकरणाच्या तळटिपांमध्येही वारंवार येतं, त्यावर खूण करा : लेखकाने तेच पुस्तक खरोखर वापरलं आहे. अशी दोन-तीन नावं मिळाली की पुढची पुस्तकं कोणती, हे कुणाला विचारावं लागत नाही. सूचीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढताना पान सपाट धरा आणि साल-प्रकाशक कापले जात नाहीत ना ते पाहा. नुसत्या नावावरून पुस्तक सापडत नाही, एकाच नावाची पुस्तकं बरीच असतात.

मग मुखपृष्ठानंतरचं श्रेयपान. पहिली आवृत्ती केव्हाची? नवं कव्हर घातलेलं पुस्तक चाळीस वर्षांपूर्वीचं असू शकतं. लोकगीतांच्या संग्रहाला त्याने काही बाध येत नाही, आहाराच्या पुस्तकाला येतो. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं साल पाहा. शब्दसूची असेल तर आपला शब्द किती पानांवर येतो ते मोजा. दोनच पानं असतील तर ती तिथेच बसून वाचा, पुस्तक घरी न्यायची गरज नाही.

एकही पुस्तक हाती नसेल तर सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा. संकेतस्थळावर नोंदी फुकट वाचता येतात आणि मोठ्या नोंदींखाली ‘संदर्भ’ दिलेले असतात. मात्र पहिला खंड 1976 चा आहे. कला, संगीत, इतिहास यांसाठी नोंद खुशाल वाचा, औषधोपचारासाठी तिच्यावर विसंबू नका. दुसरी खाण म्हणजे शोधगंगा, विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांचं संकेतस्थळ. नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचे प्रबंध तिथे शोधा. प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फायलींत असतो. सगळा उतरवून मोबाइल भरू नका, शेवटची संदर्भसूचीची फाईल तेवढी उघडा. विदर्भातल्या बोली आणि लोककलांवर मराठीत झालेलं बरंच काम या सूच्यांमधून कळतं. छोट्या स्थानिक प्रकाशकांची नावंही तिथेच मिळतात, ती दुकानांच्या यादीत दिसत नाहीत.

इंटरनेटवर शोधताना मराठी लेखनच आडवं येतं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ असं छापलेलं असतं, त्यामुळे दोन्ही रूपं टाकून पाहा. ऱ्हस्व-दीर्घही बदलून पाहा. लेखकाचं पूर्ण नाव टाकून निघालं नाही तर आद्याक्षरं आणि आडनाव टाका. रोमन लिपीतही एकदा शोधा. जुन्या ग्रंथालयांच्या याद्या अनेकदा रोमनमध्येच भरलेल्या असतात.

स्वास्थ्याच्या पुस्तकांना वेगळी चाळणी लावा, कारण इथे चुकलं तर नुसते पैसे जात नाहीत. लेखकाचं शिक्षण आणि काम कुठे दिलं आहे? पुस्तक ‘डॉक्टरकडे कधी जावं’ हे सांगतं का? एकच रस, एकच आसन सगळ्या आजारांवर लागू असं म्हणत असेल तर ठेवून द्या. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर तसा दावा दिसला तर तेवढ्यावरच त्याची परीक्षा झाली. सिकलसेलच्या रुग्णाने पुस्तक वाचून औषध कधीच बंद करू नये. निराशा, झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं यांवरची पुस्तकं आधार देतात, पण तशी वेळ आली असेल तर पुस्तक शोधत बसू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो.

फुकट वाचायचं तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. लेखकाच्या निधनानंतरची 60 वर्षं संपली की मजकूर सर्वांना खुला होतो, त्यामुळे 1965 पर्यंत निधन झालेल्या लेखकांचं लेखन 2026 पासून खुलं आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या फायली घेऊ नका. लेखकाचं नुकसान तर आहेच, वर त्यांत अनेकदा पानं गाळलेली असतात आणि नेमकी शेवटची सूची नसते.

हातात घेऊन निवडायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून घ्या. गांधी-विनोबांचं साहित्य सेवाग्राम आणि पवनारला मिळतं, तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरीला. एसटीने त्या बाजूला जाणं होणारच असेल तर यादी खिशात ठेवा.

वाचनालयाकडे मागणी करायची ती तोंडी नको. कागदावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं साल, 978 पासून सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक आणि किंमत लिहा. खाली आणखी चार वाचकांच्या सह्या घ्या आणि अनुदानातून वर्षाची खरेदी होण्याआधी ग्रंथपालांना द्या. छोट्या प्रकाशकाकडून स्वतः मागवत असाल तर पैसे पाठवण्याआधी फोन करून प्रत शिल्लक आहे का आणि टपालखर्च किती ते विचारा. पत्त्यात गावाबरोबर टपाल कार्यालयाचं नाव, तालुका आणि पिनकोड द्या. एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यातही असतात, आणि पुस्तक तिकडे गेलं की परत यायला महिना लागतो.