कळलावी कंदापासून लावावी
पावसाळ्यात कुंपणावर चढून ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी बागेत वर्षानुवर्षे टिकवायची असेल, तर ती कंदापासून लावणे सोयीचे ठरते, कारण बियांच्या रोपांना फुलण्यास बहुधा 3 ते 4 वर्षे लागतात. कंद नांगरासारखा वाकडा असतो (संस्कृतातले ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच), आणि कोंब फक्त त्याच्या टोकाशी फुटत असल्यामुळे ते टोक मोडू देऊ नये. मे अखेरीस निचऱ्याच्या मातीत कंद 5 ते 7 सेंटीमीटर खोल आडवा ठेवावा आणि पानांच्या टोकांशी असलेल्या तणाव्यांना (आधाराला गुंडाळणाऱ्या तंतूंना) धरता येईल असा बारीक काटक्यांचा आधार द्यावा. वेल वाळल्यावर पाणी थांबवावे. संपूर्ण वनस्पती, विशेषतः कंद, अत्यंत विषारी असल्याने हातमोजे घालूनच काम करावे. लहान मुले किंवा गुरे असलेल्या अंगणात ती लावूच नये.