जुनी गेम नव्या लॅपटॉपवर चालेना? या चुका टाळा

गेल्या दिवाळीत दाजी कोल्हापूरच्या शाहूपुरीतून आले ते फराळाच्या डब्याबरोबर नवा लॅपटॉप आणि चेनचा सीडी पाऊच घेऊनच. चहा व्हायच्या आत पाऊच माझ्या मांडीवर. "बघ की रं, एवढं पैसं घालून मशीन घेतलं आन् ह्याच्यावर साधी डेव्ह चालंना व्हय!"

डेव्ह म्हणजे 'डेंजरस डेव्ह'. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले रे गेले की अर्ध्या मशिनांवर तो लाल टोपीवाला उड्या मारताना दिसायचा. दाजींनी माझ्याकडे येण्याआधी करू नये ते सगळं करून झालं होतं. विंडोज एकदा परत टाकलं होतं, कुठल्याशा साइटवरून तीन डीएलएल फाइली (प्रोग्रॅमला लागणाऱ्या मदतनीस फाइली) उतरवल्या होत्या, अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता. माझ्याकडे असं फुकटचं गिऱ्हाईक अधूनमधून येतंच. चेहरे बदलतात, चुका त्याच.

मशीन कमी पडत नाही, जास्त होतं

गेम चालली नाही की पहिली शंका मशीनवर. दुकानातही दाजींना "फॉरमॅट मारून बघा" असंच सांगितलेलं. त्यानं काहीच होणार नव्हतं. आताच्या ६४ बिट विंडोजमध्ये जुने १६ बिट प्रोग्रॅम (बिट म्हणजे मशीन एका दमात केवढा आकडा हाताळतं त्याचं माप) चालवायची सोयच ठेवलेली नाही, त्यामुळे डेव्ह किंवा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारख्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरच्या, गेम्स शंभर वेळा फॉरमॅट मारूनही तशाच्या तशा उघडायच्या नाहीत.

म्हणून हात लावण्याआधी एकच विचारायचं: गेम कोणत्या साली आली? डॉसच्या काळातली असेल तर रस्ता वेगळा, विंडोज ९५-९८ची असेल तर वेगळा आणि एक्सपीच्या काळातली असेल तर आणखी वेगळा. हे न बघता लोक सगळ्या गेम्सना एकच औषध पाजतात. गेम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथले दिसतील तेवढे चौकोन टिक. मग गेम चालली तरी कशानं चालली ते कळत नाही, बिघडली तरी कशानं बिघडली ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा. मी शंभरपानी वही ठेवलीय, भाचे हसतात.

डॉसबॉक्समधल्या बारीक चुका

डॉसच्या गेम्सना डॉसबॉक्स. हे फुकट मिळतं आणि आपल्या विंडोजच्या पोटात एक जुनं मशीन उभं करतं. इथली पहिली चूक म्हणजे अख्खा सी ड्राइव्हच माउंट करणं, म्हणजे डॉसबॉक्सला जोडून देणं. तसं करायला गेलात तर डॉसबॉक्स स्वतःच इशारा देतो. वेगळं फोल्डर करा, नाव आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. डॉसला लांब नावं झेपत नाहीत. 'माझ्या लहानपणच्या गेम्स' असं कौतुकानं लिहिलेलं फोल्डर आत गेल्यावर ओळखूसुद्धा येत नाही.

दुसरी अडचण वेगाची. जुन्या कित्येक गेम्स प्रोसेसरच्या वेगावरच आपलं घड्याळ लावतात, त्यामुळे प्रोसेसर पळाला की गेमही पळते. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबलं की वेग उतरतो, कंट्रोल आणि एफ१२ दाबलं की चढतो. आकडा वर टायटलच्या पट्टीत दिसतो. साध्या जुन्या गेमसाठी ३००० सायकल्सपासून (हाच तो वेगाचा आकडा) सुरू करा. लॅपटॉपवर एफच्या बटणांनी आवाज आणि उजेडच कमीजास्त होत असेल तर सोबत एफएन दाबावं लागतं. यातच दाजींचा अर्धा तास गेला होता. आणि हो, बोट घसरून कंट्रोल आणि एफ९ दाबलं गेलं तर डॉसबॉक्स न विचारता बंद. खटक्यावर बोट, जाग्यावर पल्टी!

याच घराण्यातली एक चूक मला फार आवडते. गेम सुरू करताच 'रनटाइम एरर २००, डिव्हाइड बाय झीरो' असा संदेश येतो. लोकांना वाटतं फाइल खराब झाली. प्रत्यक्षात शून्यानं कुणी भागलेलं नसतं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम सुरू होताना मशीन किती चपळ आहे ते मोजून घेत. घड्याळाच्या एका टिक्याला साधारण ५५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात एक रिकामा फेरा किती वेळा मारला ते मोजायचं आणि त्याला ५५ नं भागायचं. उत्तर १६ बिटांच्या खणात ठेवायचं, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढची मशिनं आली आणि उत्तर त्या खणात मावेना. मग प्रोसेसर भागाकार चुकल्याची बोंब मारतो आणि प्रोग्रॅम ती शून्याच्या नावावर खपवतो. उपाय तोच, डॉसबॉक्समध्ये सायकल्स उतरवा.

सीडी आहे, पण गेम आत जात नाही

विंडोज ९५-९८च्या गेम्समध्ये गंमत अशी की गेम स्वतः ३२ बिट असते, पण तिचं सेटअप पुष्कळदा १६ बिट असतं. म्हणजे पाहुणा आत यायला तयार, पण दार उघडणारा गडीच नाही. अशा वेळी सीडीला दोष देऊ नका. काही गेम्स त्यांची फोल्डर्स सरळ कॉपी केली तरी चालतात, काहींसाठी ओटीव्हीडीएम नावाचं छोटं साधन वापरून सेटअप चालवता येतं.

सेटअप चाललंच आणि एक टीबीच्या डिस्कवर 'जागा कमी आहे' म्हणालं, तर हसू नका. जुन्या सेटअपना दोन-चार जीबीच्या पुढचं मोजता येत नाही. काट्याच्या तराजूवर पेलणार नाही एवढी गुळाची ढेप ठेवली की काटा फिरून परत शून्याकडे येतो, तसलाच प्रकार. डिस्कचा छोटा वेगळा भाग (पार्टिशन) करून त्यात गेम टाकली की बहुतेक वेळा भागतं.

सीडीची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलमधली नक्कल, काढून ठेवणं चांगलंच, कारण नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. पण इथं सगळेजण आयएसओ प्रकारची इमेज काढतात आणि मग गेम मुकी होते. १९९६च्या 'क्वेक'सारख्या गेम्सचं संगीत त्याच सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं. आयएसओत फक्त डेटा येतो, गाणी सीडीवरच राहतात. अशा सीडीची बिन आणि क्यू अशी जोडी काढायची. विंडोज स्वतःहून आयएसओ माउंट करतं, क्यू नाही. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डॉसबॉक्सला मात्र क्यू चालतं.

दाजींच्या पाऊचमधल्या सात-आठ सीडी २०१९च्या पुरात भिजलेल्या होत्या. कुंभार गल्लीच्या बाजूला घर, खालचा मजला पाण्यात. त्यांनी नंतर त्या शर्टाच्या बाहीनं गोल गोल घासून पुसल्या. चिखलाचा कण आणि गोल घासणं, म्हणजे डेटाच्या रेघेबरोबरच ओरखडा. आधी साध्या पाण्याखाली धरायची, मग मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसायची. आडवा ओरखडा गेला तरी ड्राइव्ह चुका दुरुस्त करून वाचू शकतो. आणि सीडीची नाजूक बाजू खालची चकाकती नव्हे, वरची छापील. चकाकणारा थर तिथं लेबलाच्या लगेच खाली असतो. बॉलपेननं नाव लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

संरक्षणाचं कुलूप

२०००च्या दशकातल्या ओरिजिनल सीडींवर सेफडिस्क किंवा सेक्युरॉम असं नक्कल रोखणारं कुलूप असायचं. विंडोज १० पासून सेफडिस्क चालतच नाही, सेक्युरॉमच्याही काही आवृत्त्या चालत नाहीत. विंडोज ७ आणि ८ वरही सप्टेंबर २०१५ च्या एका अपडेटनं सेफडिस्कचा ड्रायव्हर बंद केला, कारण त्यात सुरक्षेचं भोक होतं. म्हणजे पैसे देऊन सीडी घेतलेला माणूस अडला. त्याचा राग मला समजतो. पण म्हणून कुठूनही क्रॅक केलेली ईएक्सई उतरवायची आणि अँटिव्हायरस बंद करायचा, हे नको. हीच गेम जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात कुलूप काढून मिळते का ते आधी बघा.

डीएलएलचंही तेच. 'डी३डीएक्स९_४३.डीएलएल सापडत नाही' असा संदेश आला की लोक ती एक फाइल शोधत फिरतात. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या जून २०१०च्या डायरेक्टएक्स (गेमची चित्रं-आवाज सांभाळणारी विंडोजची सोय) पॅकेजमध्ये तिच्या सगळ्या भावंडांसकट मिळते. विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या फाइली त्यात नसतात, म्हणून हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. आणि जुनी गेम डायरेक्टप्ले (अनेकांनी मिळून खेळायची जुनी सोय) मागत असेल तर ते कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्सच्या यादीत, लेगसी कंपोनंट्सखाली टिक करायचं. बाहेरून काही उतरवायचं नाही.

गवत जांभळं, पाणी लाल

'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये विंडोज ७ वर रंगांचा रंकाळ्यावरच्या दिवाळीसारखा धुरळा उडायचा. ती गेम २५६ रंगांच्या तक्त्यावर चालते आणि तो तक्ता एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, मध्येच ओढून घेतो. त्या वेळी आम्ही टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचो. आता सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू २ ही जुन्या गेमची चित्रं नव्या विंडोजला समजावणारी सोपी साधनं आहेत, फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या. चूक होते ती इथं: मशीन ६४ बिट म्हणून लोक डीजीव्हूडूच्या एक्स६४ फोल्डरमधल्या फाइली उचलतात. गेम ३२ बिट आहे, तिला एक्स८६ मधल्याच लागतात. बरोबर बसलं की कोपऱ्यात डीजीव्हूडूचा शिक्का दिसतो. तो दिसेपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.

सेव्ह केलेली गेम हरवली, ही तक्रारही नेहमीची. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलेली असते आणि व्हिस्टापासून विंडोज तिथं जुन्या प्रोग्रॅमना लिहू देत नाही. लिहिलेलं गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. युजरच्या ॲपडेटात लोकलखाली शोधा, सापडेल. आणि पुढच्या वेळी गेम सरळ सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

दाजींचं विमान

त्या दिवशी डेव्ह चालली, ३००० सायकल्सवर. मग भाच्यानं फार पूर्वी विकत घेतलेली 'जीटीए सॅन अँड्रियास' टाकून दिली आणि दाजी खुशीत गेले. रात्री साडेदहाला फोन. "गेम चालतीया, पर ते पाण्यावर उतरणारं विमान कुठं गेलं?"

स्किमर. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आली आणि जगभर हे विमान गायब झालं. सायलेंटपॅच, म्हणजे जीटीएच्या जुन्या चुका दुरुस्त करणारा पॅच, करणाऱ्यानं २०२५ मध्ये मूळ शोधलं. याच मालिकेतल्या आधीच्या 'व्हाइस सिटी'त स्किमर होडी म्हणून नोंदवलेलं होतं आणि होडीला चाकांची मापं लागत नाहीत. सॅन अँड्रियासमध्ये त्याला विमान केलं, पण वाहनांच्या यादीतल्या त्याच्या ओळीत चाकांची मापं भरायची राहिली. गेम ती ओळ वाचताना मेमरीत आधीच्या गाडीची जी मापं पडून असायची तीच उचलायची, आणि वीसेक वर्षं ती नेमकी चालून गेली. नव्या विंडोजमध्ये मेमरीचा तो कोपरा दुसऱ्या कामाला लागला, मापाच्या जागी भलताच आकडा आला, आणि विमान अवतरताच थेट आकाशात भिरकावलं जाऊ लागलं. सायलेंटपॅचच्या नव्या आवृत्तीत हे दुरुस्त आहे. त्याच पॅचनं माउस मेल्याचीही तक्रार जाते. फ्रेम लिमिटर मात्र बंद करू नका, नाहीतर पोहताना माणूस पुढंच सरकत नाही.

हे सगळं दाजींना फोनवर सांगायला वीस मिनिटं लागली. पलीकडं जरा शांतता.

"म्हंजे मी फॉरमॅट मारला त्यानं न्हवं तर?"

"नाही हो दाजी."

"मग तुझ्या ताईला सांग तेवढं. दुपारपासनं बोलाय लागलीय मला."