हिवताप सर्वेक्षणाचे नकाशा-प्रशिक्षण शिवारातच घ्यावे

आरोग्यसेवक आणि आशाताईंना नकाशा शिकवताना पहिला दिवस संगणकासमोर न घालवता गावात चालत घालवावा. कोऱ्या कागदावर उत्तर दिशा, मुख्य रस्ता, ओढा आणि वाड्या-तांडे त्यांनी स्वतः रेखाटावेत, प्रत्येक घराला क्रमांक द्यावा आणि त्यानंतरच मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवावेत. पत्र्याच्या छताखाली किंवा दाट झाडीत नोंद चुकते, म्हणून अंगणात मोकळ्या आभाळाखाली क्षणभर थांबून ती घ्यावी.

मराठवाड्यात पाणी साठवण्यावाचून लोकांना गत्यंतर नसते, त्यामुळे नकाशावर केवळ ओढ्यातली डबकी, विहिरी आणि कोल्हापुरी बंधाऱ्यामागचे साचलेले पाणी दाखवून भागत नाही. उघडे हौद, रांजण आणि सिमेंटच्या टाक्याही दाखवाव्या लागतात. अंड्यापासून डास तयार व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून प्रत्येक पाणसाठ्याशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख लिहून आठवड्याच्या आत तिथे पुन्हा जावे.

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे रुग्णाचा मुक्काम. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा 1 ते 4 आठवडे जातात; तेव्हा ऊसतोडीहून परतलेल्या किंवा किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात राहून आलेल्या माणसाचा ठिपका केवळ त्याच्या घरावर टाकला, तर फवारणी चुकीच्या ठिकाणी होते. अशा रुग्णासाठी वेगळा रंग ठेवावा आणि मागील महिन्यातील मुक्कामाची गावे त्याच्याकडूनच विचारून घ्यावीत.