मराठी वेबपान वाचनीय कसं करावं

सर्वात आधी एचटीएमएलच्या मूळ टॅगमध्ये लँग="एमआर" (रोमन लिपीत lang="mr", म्हणजे भाषा मराठी) लिहा. ते नसेल, तर मराठी वळणाची सोय असलेल्या फाँटमध्येही ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात.

मजकूर १८ पिक्सेल, लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.६ ते १.७ ठेवा. इंग्रजीसाठीची १.२ इथे चालत नाही; वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. बटणाची उंची पक्की बांधून ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवला, की मात्रा कापल्या जातात. त्यापेक्षा पॅडिंग (मजकुराभोवती मोकळी जागा) द्या.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मात्र शून्यच हवं! जराशा अंतरानंही शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो.

फाँटसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा, मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ उत्तम. कोणताही फाँट निवडा, पण ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘कर्तृत्व’ हे अवघड अक्षरांचे शब्द स्वस्त अँड्रॉइड फोनवर तपासा.